टिळकवाडीतील सायकल फिटिंग आणि दुखरा गुडघा
गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असूनही सायकल आणि डोंगरवाटांवरचे धावणे अशी दोन्ही टिकवू पाहणाऱ्यांनी बेळगावच्या टिळकवाडीतील या छोट्या दुकानात फिटिंग, म्हणजे सायकल आपल्या शरीराच्या मापाला जुळवून घेणे, अवश्य करून घ्यावे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहील, अशा बेताने तिथल्या मिस्त्रींनी सीट वर घेतली. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकून वाटीवरचा दाब वाढतो, हे त्यांनी कोन मोजून समजावले. हलक्या गिअरवर पेडलचे मिनिटाला ८० ते ९० फेरे ठेवण्याचा सल्लाही मोलाचा वाटला. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ आता मी सावकाश धावतो, उतार मात्र चालतच उतरतो, कारण गुडघ्यावर खरा भार उतरतानाच येतो. क्लीटच्या (बुटाच्या तळाला बसवलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याच्या) कोनाकडे मात्र त्यांचे पुरेसे लक्ष नसते. ते आपणहून विचारावे.