ओटीटीचे पिक्चर: बघितले, संपले, विसरलो

काल रात्री परत एक 'ओटीटी ओरिजिनल' बघितला. कोणता ते सांगत नाही, खरं तर नाव आत्ताच आठवत नाहीये आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. स्टार मोठे, पैसा पाण्यासारखा ओतलेला, पण दर दहा मिनिटांनी कोणीतरी आपला प्लॅन पुन्हा तोंडाने समजावून सांगतो, म्हणजे तुम्ही मोबाईलमध्ये डोकं घालून बसला असाल तरी काही चुकायला नको. शेवटचा सीन जरा मनात मुरेपर्यंत नावं एका कोपऱ्यात बारीक होतात आणि दुसऱ्याच पिक्चरचा ट्रेलर सुरू! अरे थांबा की जरा.

सगळेच टुकार असतात असं नाही हां. नेटफ्लिक्सच्या 'रोमा'ला २०१९ मध्ये तीन ऑस्कर मिळाले, २०२२ मध्ये ॲपलच्या 'कोडा'ने तर बेस्ट पिक्चरच मारलं. पण 'कोडा'मधला एखादा डायलॉग कोणी बोलताना ऐकलाय? मी तरी नाही.

आणि मग २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर 'केपॉप डेमन हंटर्स' हा ॲनिमेशन पिक्चर आला, पोरांनी तो इतक्या वेळा लावला की गाणी घरादाराला पाठ, त्यातलं 'गोल्डन' हे गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत एक नंबरला, आणि गंमत म्हणजे लोकांनी एकत्र गावं म्हणून तोच पिक्चर नंतर थिएटरात लावावा लागला. घरी वेगळं तिकीट न काढता दिसत असताना लोक तिकीट काढून गेले!

कालच्याला पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक कॅमेरामनला.