एकच दिवस आहे: कोल्हापूर की नाशिक?
मिसळीवरचं भांडण जुनंच. कोल्हापुरात लालभडक कट, वर तर्री आणि सोबत बहुतेकदा स्लाइस ब्रेड. नाशिकला बऱ्याच ठिकाणी काळ्या मसाल्याचा रस्सा. पाव, पापड, दही शेजारी. पोटाला नाशिकची झेपते, पण जिभेचं मत कोल्हापूरलाच.

शिवाय कोल्हापुरात खाणं मिसळीवर थांबत नाही. दुपारी तांबडा-पांढरा (पांढरा आधी प्या, तांबड्यानंतर त्याची चव कळत नाही), संध्याकाळी खासबाग मैदानाजवळची भेळ, रात्री गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस तुमच्यासमोर पिळतात. ग्लासात निम्मा फेसच.

फिरायला मात्र नाशिक सरस. पांडवलेणी ऊन चढायच्या आत गाठा. २४ लेण्यांपैकी तिसरं चुकवू नका: गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केलेलं कौतुक तिथल्या शिलालेखात आहे. मग पंचवटी, आणि दिवस कलताना गंगापूर धरणाकडच्या वाइनरी. कोल्हापुरात अंबाबाई आणि रंकाळा झाले की उरतो पन्हाळा, तो घाईत बघू नये.

मुंबईकरांनी नाशिकच धरावं, अंतर निम्म्याहून कमी. पुण्याहून दोन्ही जवळपास सारखंच. बरोबर मटण खाणारे असतील तर सरळ कोल्हापूर.