रेव्हिटच्या फॅमिली एडिटरमधील नेस्टेड पाइप फिटिंग: एक परीक्षण

ऑटोडेस्कने 2002 मध्ये विकत घेतलेले रेव्हिट हे इमारतींचे त्रिमितीय मॉडेल करणारे सॉफ्टवेअर आता एमईपी (यांत्रिकी, विद्युत आणि नळ-व्यवस्था) कार्यालयांत इतके रुळले आहे की त्याच्या एकूण उपयुक्ततेवर पुन्हा लिहिण्याचे कारण उरलेले नाही. या परीक्षणात त्याचा एकच भाग पाहायचा आहे: फॅमिली, म्हणजे मापे बदलता येणारा तयार घटक, जिथे घडवतात त्या फॅमिली एडिटरमध्ये एका फिटिंगच्या (पाइप जोडणाऱ्या भागाच्या) पोटात दुसरा घटक बसवून, म्हणजे नेस्ट करून, त्याच्या मापांवर बाहेरच्या फॅमिलीतून ताबा ठेवण्याची सोय. दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टांनी जोडायची चकती) असलेला एल्बो (वळणाचा तुकडा) किंवा बोल्टांसह फ्लँज जोडलेला टी (तीन तोंडांचा तुकडा) अशाच रीतीने तयार होतो. मापे खालपर्यंत पोहोचवण्याच्या कामी हे साधन भक्कम आहे, असे माझे मत आहे. मात्र ते काही निर्णय फार लवकर घ्यायला लावते आणि चुकीच्या निर्णयाची किंमत पुढे वसूल करते.

मूळ व्यवस्था सोपी आहे. नेस्टेड फ्लँज निवडून त्याच्या पॅरामीटरसमोरचे (बदलता येणाऱ्या मूल्यासमोरचे) छोटे बटण दाबले की तो बाहेरच्या फॅमिलीतील त्याच जातीच्या पॅरामीटरशी जोडता येतो. लांबीला लांबी लागते, कोनाला कोन लागतो. खरी मेख पुढे आहे. पाइप काढताना फिटिंग आपोआप योग्य मापाची बसावी यासाठी तिचा व्यास किंवा त्रिज्या इन्स्टन्स पॅरामीटर (प्रत्येक नगाला वेगळे मूल्य) ठेवावी लागते, आणि बाहेरचा इन्स्टन्स पॅरामीटर आतल्या टाइप पॅरामीटरला (एका प्रकारच्या सर्व नगांना एकच मूल्य) चालवू शकत नाही. त्यामुळे फ्लँजचा बाहेरील व्यास, जाडी, बोल्ट-वर्तुळ अशी व्यासावर अवलंबून असणारी सगळी मापे आतल्या फॅमिलीतही इन्स्टन्सच असावी लागतात. उत्पादकांकडून मिळणाऱ्या अनेक तयार फॅमिलींमध्ये प्रत्येक मापाचा वेगळा टाइप केलेला असतो. असा फ्लँज एल्बोत बसतो, पण पाइपचे माप बदलले तरी त्याचे माप बदलत नाही. त्यावर तोडगा म्हणून फॅमिली-टाइप पॅरामीटर (कोणता टाइप वापरायचा ते ठरवणारा) करून, इफच्या (‘जर–तर’च्या) सूत्राने व्यासाप्रमाणे टाइप बदलता येतो. मात्र सूत्रात टाइपचे नाव थेट लिहिता येत नाही, प्रत्येक टाइपसाठी एक वेगळा पॅरामीटर धरून ठेवावा लागतो, आणि 10–12 मापांसाठी एकात एक गुंतवलेले इफ वाचणे हा डोळ्यांवर अन्याय आहे.

म्हणूनच लुकअप टेबल, म्हणजे व्यासावरून बाकीची मापे शोधून देणारा तक्ता, ही या साधनाची सर्वांत जमेची बाजू वाटते. 2014 च्या आवृत्तीपासून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराचा) तक्ता फॅमिलीच्या आतच साठवला जातो, त्यामुळे फाइल दुसऱ्या संगणकावर गेली तरी मापे हरवत नाहीत. तक्ता का हवा, हे बट-वेल्ड (टोकाला टोक लावून वेल्ड करायच्या) एल्बोवरून लगेच कळते. एएसएमई बी16.9 या अमेरिकी मानकात लाँग रेडियस (मोठ्या त्रिज्येच्या) एल्बोचे केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर इंचांतील नाममात्र व्यासाच्या दीडपट, म्हणजे 100 मिमी (4 इंच) पाइपला 152 मिमी, हे सर्वांना पाठ असते; परंतु 15, 20 आणि 25 मिमी या तिन्ही मापांना ते एकच, 38 मिमी आहे. दीडपटीचे सूत्र 15 मिमीला (अर्धा इंच) साधारण 19 मिमी देऊन मोकळे होते. 100 मिमीच्या 45 अंशाच्या एल्बोसाठी त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन या सूत्राने 63 मिमी येतात, तर मानकात 64 मिमी छापलेले आहेत. क्लास 150 (दाबाचा एक वर्ग) च्या फ्लँजला 80 मिमीपर्यंत 4 बोल्ट आणि 100 मिमीला 8 बोल्ट असतात, ही उडी कोणत्याच साध्या सूत्रात बसत नाही. भारतातल्या कामात आणखी एक फरक सांभाळावा लागतो: आयएस 1239 या भारतीय मानकानुसार 65 मिमी पाइपचा बाहेरील व्यास 76.1 मिमी आणि 150 मिमीचा 165.1 मिमी आहे, तर अमेरिकी मानकात तेच आकडे 73.0 आणि 168.3 मिमी आहेत. तयार अमेरिकी फॅमिली जशीच्या तशी वापरली की फिटिंग आणि पाइप यांच्या कडा जुळत नाहीत. तक्ता बाहेरच्या फॅमिलीत एकदाच ठेवावा आणि आतल्या घटकांना फक्त आलेली उत्तरे द्यावीत; आत आणि बाहेर असे दोन तक्ते ठेवले की त्यांतला एक कधीतरी जुना राहतोच.

भूमितीच्या बाबतीत फॅमिली एडिटर शिस्त मागतो. एल्बोच्या फिरत्या टोकावरचा फ्लँज साध्या रेफरन्स प्लेनवर (आधार-प्रतलावर) बसवून कोन बदलला, तर तो हमखास बिघडतो. रेफरन्स लाइन (आधार-रेषा) आखून तिचे मूळ टोक दोन्ही मध्यरेषांना लॉक करावे, कोनाचा पॅरामीटर तिला द्यावा आणि फ्लँज व कनेक्टर (पाइप जोडला जाण्याचा बिंदू) तिच्या दुसऱ्या टोकाच्या प्रतलावर बसवावेत. मग 90 चे 30 अंश केले तरी सर्व काही बरोबर फिरते. लहान कोनांची मर्यादा मात्र कायम आहे. रेव्हिट सुमारे 0.8 मिमीपेक्षा आखूड रेषा स्वीकारत नाही, आणि 38 मिमी त्रिज्येची कमान 1 अंशाला 0.66 मिमीच भरते. अशा वेळी येणारी सूचना नेमका कोणता पॅरामीटर अडला हे सांगत नाही, ही उणीव इतक्या वर्षांत दूर व्हायला हरकत नव्हती.

कनेक्टरविषयी नवख्यांची फसगत होते. फ्लँजच्या फॅमिलीत कनेक्टर असला तरी साध्या नेस्टिंगनंतर तो उपयोगी पडत नाही. एल्बोच्या फॅमिलीत नवे कनेक्टर देऊन ते एकमेकांशी जोडावे लागतात आणि पार्ट टाइप (घटकाचा प्रकार) एल्बो असा निवडावा लागतो. काम दोन मिनिटांचे आहे, पण ते राहिले तर राउटिंग प्रेफरन्समधून (कोणत्या पाइपला कोणती फिटिंग ते ठरवणाऱ्या यादीतून) फिटिंग बसवताना सगळी मेहनत वाया जाते.

नेस्टेड घटकाला प्रकल्पात स्वतंत्र ओळख देणारा शेअर्ड हा पर्याय अधिक विचार करून निवडावा. तो निवडला नाही तर नेस्टेड फ्लँज शेड्यूलमध्ये (मोजणीच्या तक्त्यात) स्वतंत्रपणे मोजला जात नाही. निवडला तर मोजला जातो, पण त्याचे टाइप पॅरामीटर बाहेरून जोडता येत नाहीत. शिवाय प्रकल्पात त्याच नावाची शेअर्ड फॅमिली आधीच असेल तर लोड करताना प्रकल्पातली ठेवायची की नवी आणायची, असा प्रश्न येतो, आणि घाईत दिलेले उत्तर इतर सर्व फिटिंगांतील फ्लँजवर लागू होते. परिमाणपत्रकात फ्लँजची संख्या द्यायची असेल तर शेअर्डला पर्याय नाही. केवळ समन्वयाचे (वेगवेगळ्या व्यवस्था एकमेकींना अडतात का ते पाहण्याचे) मॉडेल करायचे असेल तर मी तो टाळतो.

थर वाढले की खरी दमछाक सुरू होते. बोल्ट फ्लँजमध्ये आणि फ्लँज एल्बोत असेल, तर एल्बोच्या व्यासापासून बोल्टाच्या लांबीपर्यंतची साखळी प्रत्येक थरावर हाताने जोडावी लागते आणि ती एका नजरेत दाखवणारी कोणतीही खिडकी नाही. बोल्टात बदल केला की तो फ्लँजमध्ये लोड करा, फ्लँज एल्बोत, एल्बो प्रकल्पात, आणि प्रत्येक वेळी जुने पॅरामीटर मूल्य राखायचे की पुसायचे ते ठरवा. माझ्या मते दोनपेक्षा जास्त थर करूच नयेत. बोल्टांची भूमिती बहुतेक मॉडेलांना भारच होते, आणि त्यांची संख्या तक्त्यातून एका आकड्याच्या पॅरामीटरमध्येही मिळते.

ज्यांना प्रत्यक्ष फॅब्रिकेशनपर्यंत (भाग कार्यशाळेत बनवण्यापर्यंत) जायचे आहे त्यांच्यासाठी 2016 पासून रेव्हिटमध्ये फॅब्रिकेशन पार्ट्सची वेगळी वाट आहे. तेथे नेस्टिंगचा प्रश्नच येत नाही, पण स्वतःचे सूत्र लिहिण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही. डिझाइनच्या टप्प्यावर काम करणाऱ्या कार्यालयांनी मात्र 15–20 फिटिंगांचा स्वतःचा संच करावा आणि प्रत्येक फॅमिली सर्वांत लहान, सर्वांत मोठ्या व मधल्या एका मापावर ताणून पाहिल्यावरच संचात घ्यावी. हा संच ग्राहक वापरत असलेल्या सर्वांत जुन्या आवृत्तीत जपून ठेवावा, कारण नव्या आवृत्तीत एकदा साठवलेली फॅमिली जुन्या रेव्हिटमध्ये उघडत नाही.