बिलांच्या टेबलावर पोस्टग्रेसचे ट्रिगर: वर्षभराच्या वापरानंतर

भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेडचं बिलिंग मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेसचा, आणि त्यातल्या बिलांच्या टेबलात बदल तीन वाटांनी यायचे: आमचं ॲप, रात्रीची एक्सेल-इम्पोर्टची स्क्रिप्ट आणि घाईत कुणीतरी पीजीॲडमिनमधून (डेटाबेस थेट हाताळायचं टूल) मारलेलं अपडेट. ॲपमध्ये कितीही तपासण्या घातल्या तरी बाकीच्या दोन वाटा मोकळ्याच. म्हणून नियम ट्रिगरने, म्हणजे टेबलात बदल होताना डेटाबेस स्वतःच चालवतो त्या फंक्शनने, थेट टेबलावरच बसवला. आज विचाराल तरी हेच करा म्हणेन.

नियम असा: जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरला की त्या महिन्याची बिलं गोठली. आम्ही दरमहा भरतो, म्हणजे मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख. त्यानंतर दर चुकलेला सापडला तर क्रेडिट किंवा डेबिट नोट काढायची, मूळ बिलाला हात लावायचा नाही. पैसे जमा झाल्याची नोंद मात्र नंतरही येते. त्यामुळे बीफोर ट्रिगर, म्हणजे बदल होण्याआधी चालणारा, अपडेटच्या वेळी दर, नग, कर आणि गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर एवढेच रकाने ताडून पाहतो आणि फरक दिसला की रेझ एक्सेप्शन, म्हणजे एरर देऊन बदल अडवतो. एररमध्ये बिल नंबर आणि 'क्रेडिट किंवा डेबिट नोट काढा' असं मराठीत लिहिलंय. अकाउंट्सच्या ताई ते वाचून थेट नोट काढतात, मला फोन येत नाही.

अपडेट आणि डिलीटला एकच फंक्शन लावणार असाल तर जपून. ट्रिगरमध्ये न्यू म्हणजे बदलानंतरची ओळ, ओल्ड म्हणजे आधीची. शेवटी सरसकट रिटर्न न्यू लिहिलं, तर डिलीटच्या वेळी न्यू नल (रिकामं) असतं आणि बीफोर ट्रिगरने नल परत दिलं की ती ओळ गुपचूप वगळली जाते. एरर नाही, काही नाही, ओळ जागच्या जागी. डिलीटसाठी रिटर्न ओल्डच हवं.

दुसरा ट्रिगर आफ्टर प्रकारचा, म्हणजे बदलानंतर चालणारा, जुनी अख्खी ओळ जेसनबी या पोस्टग्रेसच्या डेटा-प्रकारात इतिहासाच्या टेबलात टाकणारा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ती बंद करता येता कामा नये. ट्रिगर तर टेबलाचा मालक एका ओळीत डिसेबल करू शकतो! त्यामुळे ॲपचा डेटाबेस-युजर टेबलाचा मालक नसावा. ट्रंकेटचा (अख्खं टेबल एकदम रिकामं करण्याचा) हक्कही त्याला देऊ नका, कारण ट्रंकेटला डिलीटचे ट्रिगर चालतच नाहीत. शिवाय ॲप एकाच युजरने जोडलेलं असतं, त्यामुळे बदल नेमका कुणी केला हे करंट युजरवरून कळत नाही. आमचं ॲप प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला सेट लोकलने (त्या ट्रान्झॅक्शनपुरतं मूल्य ठेवणारी कमांड) लॉगिन केलेल्याचं नाव ठेवतं, ट्रिगर ते वाचतो.

ट्रिगरमुळे मोठ्या इम्पोर्टचा वेग कमी होतो, हे खरं. इतिहासाचा ट्रिगर दर ओळीऐवजी दर स्टेटमेंटला एकदाच चालवून ट्रान्झिशन टेबल (त्या स्टेटमेंटने बदललेल्या सगळ्या ओळींचं तात्पुरतं टेबल) वापरा, आवृत्ती १० पासून ती सोय आहे.

स्टॉक वजा करणं, मेल पाठवणं असली कामं ट्रिगरमध्ये कोंबायला माझा ठाम विरोध आहे. एका ट्रिगरने दुसरं टेबल बदललं, तिथला तिसरा चालला, की आकडा कुठून आला हे शोधताना नवीन माणूस रडकुंडीला येतो. अडवणं आणि नोंद ठेवणं, एवढंच त्याच्याकडे द्या. एकाच घटनेवरचे एकाच प्रकारचे ट्रिगर नावाच्या वर्णक्रमाने चालतात, तेव्हा नावांच्या सुरुवातीला १०, २० असे आकडे घाला.