भातातील तण: कोनोवीडर की तणनाशक?

लावणीनंतरच्या पहिल्या ३० ते ४५ दिवसांत भाताच्या खाचरात तण माजले, तर फुटव्यांची झालेली हानी पुढच्या कोणत्याही बेणणीने भरून निघत नाही. कोकणात नेमक्या याच दिवसांत मजूर मिळणे कठीण होते आणि हातबेणणीऐवजी कोनोवीडर (ओळींमधून हाताने ढकलून तण काढण्याचे अवजार) वापरावा की तणनाशक, हे ठरवावे लागते.

कोनोवीडरचा निर्णय मात्र लावणीपूर्वीच घ्यावा लागतो, कारण रोपे दोरीवर, ओळींत २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवून लावलेली नसतील, तर हे अवजार चालतच नाही. लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी, दोन-तीन सेंटीमीटर पाणी असताना ते ओळींमधून पुढे-मागे ढकलले, की कोवळे तण चिखलात गाडले जाऊन तेथेच कुजते आणि चिखल हलल्याने मुळांना हवा मिळते. हा दुसरा लाभ कोणतेही औषध देत नाही. दर दहा दिवसांनी फेरी द्यावी लागते, खोल चिखलात काम अंगमेहनतीचे होते आणि चुडाच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्याच्या, बुंध्यालगतचे तण तसेच राहते.

तणनाशकात श्रम वाचतात, पण वेळ आणि पाणी दोन्ही सांभाळावी लागतात. प्रेटिलाक्लोर (५० टक्के) हेक्टरी दीड लिटर या प्रमाणात, तण उगवण्यापूर्वी म्हणजे लावणीनंतर ३ ते ५ दिवसांत द्यायचे असते. जुलैच्या मुसळधार पावसात बांधावरून पाणी वाहिले, तर औषधही वाहून जाते आणि ओहोळातल्या मासे-खेकड्यांपर्यंत पोहोचते. ही वेळ चुकल्यास तण दोन ते चार पानांवर असताना बिसपायरिबॅक सोडियम (१० टक्के) हेक्टरी २०० ते २५० मिलिलिटर फवारता येते. त्यासाठी आधी पाणी काढून दोन-तीन दिवसांत पुन्हा भरावे लागते. वर्षानुवर्षे एकच औषध वापरल्यास त्याला दाद न देणारे तण तयार होते.

दोरीवर लावणी शक्य असेल आणि क्षेत्र थोडे असेल, तर कोनोवीडरच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्षेत्र मोठे, बांध भक्कम आणि माणसे कमी असतील, तेथे तणनाशक रास्त ठरते. रहू पेरणीत, म्हणजे मोड आलेले बी चिखलावर फोकून केलेल्या पेरणीत, ओळीच नसल्याने कोनोवीडरचा प्रश्न उरत नाही. तेथे प्रेटिलाक्लोर वापरायचे असल्यास पिकाला संरक्षण देणारा घटक मिसळलेलेच घ्यावे, साधे नव्हे.

यांपैकी काहीही निवडले, तरी भातासारखाच दिसणारा सावा हातानेच उपटावा लागतो. भाताच्या पात्याच्या सांध्यावर पातळ पापुद्रा असतो, साव्याला तो नसतो. ही खूण पाहून, दाणे गळण्यापूर्वी तो खाचराबाहेर काढावा.