निसटता चेंडू की दुखरी जांघ: टिकी बार्बर आणि फ्रेड टेलर

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूवर, संशय घेतात तो दोन गोष्टींवरून: चेंडू सुटतो, नाहीतर गडी मैदानावर दिसतच नाही.

पहिला ठपका न्यूयॉर्क जायंट्सच्या बार्बरवर. 2002 आणि 2003, दोन्ही हंगामांत त्याच्या हातून 9-9 वेळा चेंडू निसटला. कमी पडत होती ती पकड, हिंमत नव्हे. चेंडू अंगापासून सुटा राहिला की मागून एक फटका पुरतो. 2004 मध्ये टॉम कॉफलिन प्रशिक्षक झाले आणि पकड बदलली: पुढचं टोक बोटांच्या बेचक्यात, मनगट कोपरापेक्षा वर, मागचं टोक दंड आणि बरगडीत आवळलेलं. 2005 मध्ये 1,860 यार्ड धावताना चेंडू सुटला फक्त एकदा.

दुसरा ठपका जॅक्सनविल जॅग्वार्सच्या टेलरवर. त्याला तर ‘फ्रॅजाइल फ्रेड’ (नाजूक फ्रेड) असंच हिणवायचे. 2001 चा हंगाम जांघेच्या दुखापतीने 2 सामन्यांतच आटोपला. ही दुखापत फसवी असते. सरळ पळताना फारसं दुखत नाही, म्हणून खेळाडू घाईने परततो आणि झटकन दिशा बदलताना स्नायू पुन्हा ताणला जातो. टेलर मात्र 2002 आणि 2003 मध्ये सगळे 16 सामने खेळला. यार्ड 1,314 आणि 1,572. टोपणनाव तरीही सुटलं नाही, हा अन्यायच.

दोघांतून एकच निवडायचा तर जोखीम बार्बरची घ्यावी. सुटलेला चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याला मिळू शकतो, हे खरं. पण पकड सरावाने सुधारते, जांघेचं तसं नाही.