चष्मा काढला आणि ५८,५०० रुपयांचं कर्ज माझ्या नावावर झालं

काल तिसरा हप्ता कापला गेला, ६,५०० रुपये. म्हणून लिहायला बसले. नाहीतर हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

एका स्किन क्लिनिकमध्ये फुकट स्किन चेकअप, मग आरएफने, म्हणजे रेडिओ लहरींच्या उष्णतेने, त्वचा घट्ट करण्याच्या सहा सिटिंगचं ७२,००० चं पॅकेज, मग ‘फक्त आज ५८,५००’. हा प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होता. एकवीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासतेय मी. पण मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. चांगलं दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. शिवाय मी बजावलं होतं, आधी ट्रायल, पैशांचं नंतर.

तिथल्या मुलीने आधी उजवा गाल केला आणि आरसा दिला. “बघा काकू, कसा उचललाय!” दिसत होता खरा. ती नुसती सूज होती. नवं कोलेजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला दोन-तीन महिने जातात, हे नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे ८०० रुपये भरल्यावर कळलं.

डावा गाल चालू असताना माझा चष्मा ट्रेमध्ये होता, डोळ्यांवर ओला कापूस. फोन वाजला. “काकू, बिलाचा ओटीपी आलाय, बघू का?” मी बोट लावून फोन उघडून दिला. तिथेच उठून बसायला हवं होतं! पैसे ठरलेच नव्हते तर बिल कसलं? आणि नोंदणीला पॅन कार्ड कशाला मागितलं होतं? तो ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावर माझी सही होती. मेसेजात ‘लोन’ स्पष्ट लिहिलेलं, मी ते रात्री वाचलं. वर प्रोसेसिंग फी १,१८०.

पैसे अडकलेच आहेत म्हणून दुसऱ्या सिटिंगला गेले. “भाजतंय” म्हटलं तर “थोडं सहन करा”. भाजतंय म्हटल्यावर मशीन कमी करायचं असतं, सहन करायचं नसतं. डाव्या गालावर रुपयाएवढा काळा डाग पडलाय. डॉक्टर दोन्ही वेळा ‘ऑनलाइन’. दारावरच्या पाटीवर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नव्हता. तो आधी बघा.

चौकीत साहेब म्हणाले, “ओटीपी तुम्हीच दिलात ना? हा दिवाणी मामला.” पालिकेत गेले, तर हे पार्लर आहे, आमच्याकडे येत नाही. मग पार्लरवाले गालावर चटके देतात ते कोणाकडे येतं? तिथला एक जण तर म्हणाला, “या वयात कशाला मॅडम?” चार खेपा, चार अर्ज, पोच एकाचीच. कर्जवाले म्हणतात क्लिनिककडून रद्द केल्याची मेल आणा, क्लिनिक म्हणतं नो रिफंड. मोबाइलवरच्या कर्जातून ठरावीक मुदतीत बाहेर पडता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मला कोणीच सांगितला नाही. मुदत गेली. तुम्ही मेसेज त्याच दिवशी वाचा.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. हेही माझं मीच शोधलं. डागाचे फोटो तारखेसह काढून ठेवलेत, सोमवारी तक्रार दाखल करतेय.